आधी पाणी, मग बातमी

फोनवर निकाल सांगायचा नाही. पास व्हा नाहीतर नापास, स्वतः यायचं, आणि तेही बारामतीच्या स्टँडपासून जळोचीपर्यंत चालत. बाईंच्या जर्मनच्या क्लासचा हा पहिला नियम, आणि तो फीच्याही आधी सांगितला जायचा. दारात आलं की तोंड उघडायचं नाही. बाई आत जाणार, तांब्या-फुलपात्र आणणार, गुळाचा खडा हातावर ठेवणार, खुर्चीत बसवणार. पाणी पिऊन झालं की मग म्हणणार, "हां, सांग आता." तोवर आपल्याला सांगायची कितीही घाई असो, त्यांना काही घेणंदेणं नाही. बरं, घाई त्यांनाही तेवढीच असायची. फुलपात्र देताना अर्धं पाणी आपल्या ओढणीवर सांडायच्या.

मी निरवांगीची. बारामतीत नर्सिंग केलं आणि तिथल्याच एका दवाखान्यात लागले. पुढं जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाचं काम चालून आलं. अट एकच होती, जर्मन भाषेची बी-टू नावाची परीक्षा पास व्हायची. लिहिण्यावाचण्याचं मला भ्या नव्हतं. भ्या होतं ते बोलण्याचं. अनोळखी माणसानं समोर बसून प्रश्न विचारला की माझी जीभ टाळूला चिकटते, ती लहानपणापासूनची. शाळेत इन्स्पेक्टरसाहेबांनी नाव विचारलं तर मी मैत्रिणीचं सांगितलं होतं. असल्या पोरीला कुणीतरी सांगितलं की जळोचीत एक बाई आहेत, डोक्यानं जरा वेगळ्या आहेत, पण मुक्याला बोलतं करतात.

क्लास एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर होता. मी पहिल्या दिवशी वही-पेन काढलं तर बाईंनी वही बाजूला ठेवली आणि पुढ्यात लसणाची टोपली सरकवली. "सोल." मला वाटलं फीमध्ये काही सूट असेल. पण सगळेच सोलत होते. खालच्या खाणावळीचा लसूण रोज वर यायचा आणि आम्ही तो सोलत सोलत जर्मन शिकायचो. बाईंचं म्हणणं असं की माणसाचा हात रिकामा राहिला की भीती तिथं येऊन बसते आणि मग जिभेवर चढते. "जीभ घाबरली की हाताला काम द्यायचं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ते मला लसणाच्या वासासकटच आठवतं. दवाखान्यातले पेशंट मला विचारायचे, सिस्टर, आज फोडणी घालून आलात का?

बाई दिसायला एवढ्याशा. सुती साडी, खाली पांढरे बूट आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा अंगात स्वेटर. जर्मनीत बरीच वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करून आल्या होत्या, तिथली थंडी हाडात बसलीय म्हणायच्या. आमचं आपलं मत असं की ती थंडी नव्हती, ती काळजी होती. बाईंना सगळ्याची काळजी. वर्गातून निघाल्या की जिन्यातून परत वर येऊन कुलूप ओढून बघायच्या, मग गॅसचं बटण, मग परत कुलूप. पोरं एसटीनं गावी निघाली की आधी विचारणार, ड्रायव्हरची झोप नीट झालेली दिसते का? पाऊस आला तर, बंद पडली तर, पुढच्या गाडीला जागा नसली तर. एवढी भित्री बाई परमुलखात एकटी राहिली कशी, याचं मला कोडंच होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घाबरत घाबरत राहिले. न घाबरता ऱ्हायला सवड कुणाला होती?"

नोकऱ्या-धंद्यांचे शब्द शिकवायची त्यांची तऱ्हा तर जगावेगळी. पुस्तकात रांगच होती. बेकर म्हणजे पाववाला, श्नायडर म्हणजे शिंपी, रिश्टर म्हणजे न्यायाधीश. बाई ते पाठ करून घ्यायच्या नाहीत. दर सोमवारी प्रत्येकाला एकेक काम नेमून द्यायच्या, आणि शनिवारपर्यंत तुम्ही तेच. जिन्यात, खाली चहाच्या टपरीवर, कुठंही गाठ पडली की विचारणार, "वास सिंट झी फॉन बेरूफ?" म्हणजे आपण काय काम करता? आपण आपलं त्या आठवड्याचं काम सांगायचं, आणि वर आज सकाळपासून त्यातलं काय काय केलं तेही.

ज्या पोराचे वडील नगरपालिकेत सफाईला होते त्याला त्यांनी न्यायाधीश केलं. तो आठवडाभर मान ताठ करून लसूण सोलायचा आणि आमच्या भांडणांचे निकाल द्यायचा. मला एका सोमवारी मिळालं बेश्टाटरिन, म्हणजे मेलेल्या माणसांची पुढची सगळी व्यवस्था लावणारी. आमची आई फोनवर दर आठवड्याला हौसेनं विचारायची, ह्या येळंला काय झालीस गं? त्या दिवशी मी सांगितलं तर फोनवरच ओरडली, "आयो! थुंक तिकडं! अगं, लग्नाच्या पोरीला असलं काम देत्यात व्हय? त्या बाईला काय कळतं का न्हाय?" मी म्हटलं, आई, शनिवारी संपतंय. तर म्हणाली, शनिवारी तर मुळीच नको.

माझी पहिली फजिती मात्र माझी मीच करून घेतली होती. वडील काय करतात, असं बाईंनी जर्मनमधून विचारलं. मी शब्द शोधून ठेवलाच होता, ऐटीत सांगितलं, शेफर. मेंढपाळ.

"किती मेंढरं हायत?" बाईंनी विचारलं.

"आता न्हाईत. माझ्या जन्माआधीच इकली."

"मग वडील सकाळी उठून काय राखत्यात?"

"काय न्हाय. ऊस हाय, डाळिंब हाय. पाणी धरत्यात."

"मग मेंढपाळ कोण?"

"आमी... म्हंजे आमी तसले."

सगळा वर्ग खाली बघून लसूण सोलायला लागला. बाई चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तसले म्हंजे कसले, हे मी विचारलेलं नाही. आज काय करता, एवढंच विचारलंय." आणि हे माझं एकटीचं नव्हतं. ज्याला विचारावं तो आजा-पणजाचं काम सांगून मोकळा व्हायचा. लोखंडाला ज्याच्या बापानं कधी हात लावला नाही तोही लोहार म्हणून सांगायचा. आपल्याकडं काम विचारलं की माणूस कूळ सांगतो, आणि त्यात काही चुकलंय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मलाही आलं नव्हतं.

ह्यावरनं एकदा चांगलंच रामायण झालं. इंदापूरकडच्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा आमच्यात होता. त्याला त्या सोमवारी मिळालं रस्ते झाडणाऱ्याचं काम. पोरगं बिचारं गुणी, त्यानं घरी जाऊन शब्द पाठ करत करत अंगण झाडलं. झालं! बुधवारी खाली पांढरी गाडी थांबली आणि कडक इस्त्रीतले वडील जिना हादरवत वर आले.

"बाई, आमच्या पोराला झाडूवाला केला म्हणं तुमी?"

"व्हय. सोमवारी बदलंल."

"आमच्या सात पिढ्यांत कुणी हातात झाडू धरला न्हाय!"

"मग घर कोण झाडतं?"

"घरातल्या बायका."

"म्हंजे येतं की घरात कुणाला तरी," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पोरालाच सांगितलं, वडिलांना प्रश्न विचार. पोरानं मान खाली घालून विचारलं. वडील म्हणाले, सांग, बागायतदार, माजी सरपंच. बाई म्हणाल्या, ते झालं, पण आज सकाळपासून काय केलं? गृहस्थ विचारात पडले. मग म्हणाले, "आज? आज... गाडी हाकत हितं आलो."

"मग आज ड्रायव्हर," बाई म्हणाल्या आणि पोराला जर्मन शब्द सांगायला लावला.

मला तर वाटलं आता क्लास बंद पडतोय आणि माझी परीक्षा बोंबलली. पण ते गृहस्थ आधी लाल झाले, मग खो खो हसले. बोलता बोलता त्यांचा हात कधी टोपलीत गेला ते त्यांनाही कळलं नाही. जाताना दोन गड्डे सोलून गेले होते. ते खाली उतरल्यावर बाई मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या. बाहेर येऊन पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाल्या, "मारतोय का काय असं वाटलं गं मला."

पुस्तकातली सगळी कामं त्यांनी वाटली, एक सोडून. यादीत खाली एक शब्द होता, बोटे. आपल्या हाताच्या बोटांसारखाच उच्चार, म्हणून आमच्या ध्यानात राहिलेला. एकानं अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, "निरोप्या. बातमी पोचवणारा. पुढं चला." तो शब्द त्यांनी कुणालाच कधी दिला नाही. आम्हांला वाटलं, पोरं हसतात म्हणून.

माझी पहिली परीक्षा पुण्यात झाली. दोन परीक्षक समोर आणि जोडीला परीक्षा देणारा एक पुण्याचाच मुलगा. परीक्षक बाईंनी हसून विचारलं, तुमच्या कामाबद्दल सांगा. सोप्पा प्रश्न! शब्द सगळे येत होते. पण टेबलावर माझे दोन्ही हात रिकामे पडलेले दिसले आणि जीभ चिकटली. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. तो मुलगा नदी वाहावी तसा बोलत राहिला आणि मी त्याच्याकडं बघत राहिले. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. निकाल काय लागणार ते तेव्हाच कळलं होतं.

तरी निकालाच्या दिवशी नियमाप्रमाणं चालत गेले. माळावरनं वारं सुटलं होतं, आणि जळोची जवळ येईल तशी मी हळू चालायला लागले. बाई गॅलरीत उभ्या होत्या. माझ्या चालण्यावरनंच त्यांना कळलं असणार. पाणी आणलं, गूळ दिला, बसवलं. तो गूळ मी मुठीत तसाच धरून बसले.

"हां, सांग आता."

"नापास झाले, बाई."

त्यांनी माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं. मग जर्मनमध्ये विचारलं, तुम्ही काय काम करता? मी रडत रडत म्हणाले, नर्स आहे.

"मग निकालानं ते बदललं का?"

"न्हाय."

"मग परत बस परीक्षेला. आणि बरं झालं, आलीस. नापास झालेली पोरं येत न्हाईत. फोन बंद करून बसत्यात."

मला रागच आला. म्हटलं, बाई, एवढ्या उन्हातनं चालत बोलावून हे ऐकून घेण्यात तुम्हांला काय मिळतं? फोननं जीव तरी लवकर सुटला असता! एरवी मी असं बोलले नसते, पण नापास झालेल्या माणसाला कसली भीड.

बाईंनी टोपली ओढली आणि लसूण सोलायला घेतला. मग खाली बघूनच सांगायला लागल्या. त्यांचं मूळ गाव पळसदेवच्या बाजूचं, आता उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांचा आजा त्या गावचा येसकर, वेशीची राखण आणि निरोपाचं काम करणारा. गावात कुणी गेलं की पाव्हण्यारावळ्यांना कळवायला त्याला पिटाळायचे. रात्र असो, पूर असो, चालत जायचं आणि मातीची बातमी द्यायची. लग्नाची, बारशाची आवतणं न्यायला दुसरी माणसं होती. ह्याच्या वाट्याला फक्त मयत. त्यामुळं तो लांबून येताना दिसला की बायका आधीच रडायला लागायच्या. बातमी सांगायची ती अंगणाबाहेर उभं राहून. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे, आणि रडारडीत पुष्कळदा तेही राहून जायचं. तसाच तहानलेला माघारी यायचा.

"बौद्ध धर्म घेतला त्या साली आज्जानं ते काम सोडलं," बाई म्हणाल्या. "काठी ठेवली आणि गावाला सांगितलं, तुमची बातमी तुमी न्या. पण मरेपर्यंत एक म्हणायचा. म्हणायचा, जन्मभर चाललो, पण माझ्या तोंडनं एक गोड बातमी कुणाच्या दारात गेली न्हाय."

"आणि फोन?" मी विचारलं. राग कुठल्या कुठं गेला होता.

"आई गेली ते मला फोनवर कळलं. तितं, कामावर. औषधांची ट्रॉली हातात होती. फोन ठेवला आणि समोर कुणीच न्हवतं. पाणी द्यायलाबी." त्यांनी सोललेल्या पाकळ्या ताटलीत टाकल्या. "म्हणून म्हणते, बातमी माणसानं आणावी आणि आणणाऱ्याला आधी पाणी मिळावं. बातमी कसली का असंना."

त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत लसूण सोलत बसले.

इकडं घरी वातावरण तापलेलं. वृद्धाश्रमानं आणखी एका परीक्षेपुरती जागा राखून ठेवली होती. वडील म्हणाले, तेवढी एक दे, पण ह्या खेपंला न्हाय जमलं तर माळशिरसकडचं जे स्थळ आलंय त्याला व्हय म्हणायचं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घरच्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, सुनेनं नोकरी करायची नाही. म्हणजे नापास झाले तर जर्मनी तर हातची जाणारच होती, नर्सचं कामही जाणार होतं. आणि बाईंच्या त्या प्रश्नाला मग मी जन्मभर काय उत्तर देणार होते? झोप उडाली माझी. घरून फोन आला की पेशंटला सलाईन लावायचंय सांगून ठेवून द्यायची.

दुसऱ्या परीक्षेला निघताना बाई पहाटेच स्टँडवर हजर. गाडीला तास होता. ओळखपत्र घेतलं का, पेन घेतलं का, दुसरं पेन घेतलं का, दही खाल्लं का. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पडलेला. गाडी सुटताना खिडकीतनं माझ्या हातात त्यांनी एक मोठा रुमाल कोंबला. म्हणाल्या, "लसूण आत नेऊ देणार न्हाईत."

परीक्षक या वेळी वेगळ्या होत्या, प्रश्न तोच. माझी जीभ पुन्हा चिकटली. मी टेबलाखाली त्या रुमालाची बँडेजसारखी गुंडाळी करायला लागले. घट्ट, एकसारखी, जशी वॉर्डात करतो तशी. परीक्षक बाई वाकून बघायला लागल्या. हातात काय आहे, म्हणून विचारलं. मी रुमाल टेबलावर घेतला आणि सांगायला लागले. आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या पायाला विळा लागला होता आणि घरात मी एकटी होते. शाळेत शिकवलं होतं तशी पट्टी बांधली. रक्त थांबलं, आणि त्या दिवशी ठरवलं की हेच काम करायचं. सांगता सांगता रुमाल उलगडत होते, गुंडाळत होते. कुठं चुकलं, कुठं अडलं, मला काही आठवत नाही. वेळ संपला हे त्यांनाच सांगावं लागलं.

निकाल कळला तेव्हा मी दवाखान्यात चादरींच्या खोलीत होते. मोबाईलवर बघितलं, पास. पुन्हा बघितलं, पासच! ओरडावंसं वाटलं, आईला फोन लावावासा वाटला. पण नियम म्हणजे नियम. ड्यूटी संपवली आणि चैत्रातल्या टळटळीत उन्हात निघाले. वाटेत ओळखीचे भेटले की मी आपली तोंडावर ओढणी घेऊन सुटायची. न जाणो, चेहऱ्यावरनं कळायचं.

बाई गॅलरीत होत्याच. पाणी, गूळ, खुर्ची. "हां, सांग आता."

आणि घ्या! जी जीभ परीक्षेत चालली ती तिथं चिकटली. डोळ्यांतनं नुसतं पाणी. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लसणाचा गड्डा माझ्या हातात दिला. एक पाकळी सोलली, दुसरी सोलली, आणि मग मी जर्मनमध्ये म्हणाले, मी नर्स आहे, आणि तिकडंही नर्सच असणार आहे. बाईंनी टोपली बाजूला सारली. हसल्या, रडल्या, स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. मी आईला लावायला फोन काढला तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. घरी न्हाय ना कळवलं?"

"न्हाय."

"मी जाते. मला नेऊ दे ही बातमी. माझ्या आज्जाचं राहिलेलं हाय."

नाही कशी म्हणणार? कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत वर गेलो, गॅस बघितला आणि निघालो. एसटीत बाईंचं एकच चाललेलं. तुझ्या घरी कुणाला बीपी आहे का? आईला आहे म्हटल्यावर आणखीच घाबरल्या. मग हळू सांगावं लागंल. आधी काय म्हणू? कुत्रं आहे का? बांधलेलं असतं का? निरवांगीच्या फाट्यावर उतरलो आणि वस्तीच्या वाटेला लागलो. पाटाच्या चारीच्या पुलाशी एक लिंब आहे, तिथून आमचं अंगण दिसतं पण बोलणं ऐकू येत नाही. बाई म्हणाल्या, तू हितं थांब, जिची बातमी हाय ती बातमी आणणारीबरोबर जात नसती.

पांढरे बूट आणि स्वेटर घातलेली ती एवढीशी बाई उसाच्या कडेनं चालत गेली. मला एकाएकी भीतीच वाटली. अनोळखी बाई, एकटी, तिन्हीसांजेला चालत घराकडं येतीय, आणि लेक बारामतीत. आईला काय वाटेल? आई अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. ठेवलं कसलं, सोडलंच. आबा बाजेवर होते. ते काठी टेकत उठून उभे राहिले. बाई अंगणाच्या बाहेर, बरोब्बर कडेला थांबल्या. काहीतरी बोलणं झालं. आबा आत गेले. मला वाटलं, आता काय? ते बाहेर आले ते हातात तांब्या घेऊन. बाजेवर आपली घोंगडी नीट अंथरली, बाईंना आत बोलावून तिच्यावर बसवलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. बाई प्यायल्या. सगळा तांब्या प्यायल्या. आई तशीच उभी, राखेनं भरलेले हात छातीशी धरून.

मग आईची किंकाळी ऐकू आली. निकाल मला माहीत होता, तरी मी पुलावरनं पळत सुटले.

पुढचं काय सांगायचं. आई रडतीय, हसतीय, बाईंच्या गळ्यात पडतीय, त्यांच्या स्वेटरला राख लागलेली. वडील रानातून धावत आले, बाईंपुढं उभे राहिले आणि आमच्या डाळिंबांची पिशवी भरायला लागले. माळशिरसचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही, नंतरही नाही. आईनं चुलीवर शिरा केला आणि बाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यांना फाट्यावर पोचवायला मी एकटीच गेले. शेवटच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. बाईंनी डाळिंबांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"बाई, आबा काय म्हणाले तुम्हांला?"

"कुठल्या म्हणून विचारलं. मी सगळंच सांगितलं. गाव सांगितलं, येसकराची नात म्हणून सांगितलं. म्हातारं माणूस, त्यांनी बघितली असणार ती रीत. मी मनात म्हणलं, बघू काय करत्यात."

"मग?"

"माझ्याकडं बघत राहिले जरा. मग म्हणाले, आत या, बसा. आधी पाणी घ्या, मग सांगा." बाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली. "मी त्यांना काय शिकवलं न्हवतं गं. तुझ्याकडनं कळलं होतं का?"

"न्हाय बाई. तुमच्या दारातलं मी घरी कधीच सांगितलं न्हवतं."

लांबवर गाडीचे दिवे दिसायला लागले. मला रडू येत होतं, म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, जर्मनमध्ये, नीट, एकही शब्द न अडखळता. आज आपण काय काम केलं?

बाईंनी डोळे पुसले आणि तो शब्द, जो त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता, स्वतःला घेतला.

"बोटिन," त्या म्हणाल्या. "बातमी आणणारी."

गाडी थांबली. त्या पायरी चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गाडी हलता हलता घाईघाईनं बाहेर डोकं काढून ओरडल्या, "अगं, गॅस बंद केला होता ना मी?"

"केला होता, बाई! दोघींनी बघितला!" मी गाडीमागं पळत ओरडले.